जालन्याचा हापसा

माझ्या आजीच्या डाव्या घोट्याच्या वर तीन गोल, गुळगुळीत व्रण होते. तिचे पाय दाबायला बसलं की माझा अंगठा त्यांच्यावरून फिरायचा. "हे कशाचं गं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "नारूचं. एका उन्हाळ्यात एक, दुसऱ्या उन्हाळ्यात दोन." मग नारूवरून गोष्ट बारवेवर जायची, बारवेवरून बहात्तरच्या दुष्काळावर, तिथून लाल मिलोवर आणि सुकडीवर, आणि शेवटी हापशावर. सार्वजनिक आरोग्याचा इतिहास मला पहिल्यांदा कळला तो असा. पुस्तकं फार नंतर हाती आली, आणि त्यांत आजीच्या गोष्टीला खोटं पाडणारं काही सापडलं नाही.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं. आज तो तालुका जालना जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1981 पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. कोर्टकचेरी, घाटीचा दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. वडील नोकरीसाठी शहरात आले आणि आम्ही इथलेच झालो. आजी मात्र गाव सोडायला तयार नसे, त्यामुळे सुट्ट्या तिच्याकडे.

गावाला दगडी बारव होती. पायऱ्या थेट पाण्यात उतरणाऱ्या. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवत, आणि तीच घागर घरी प्यायला जाई. नारूचं सगळं रहस्य या घोटाभर पाण्यात होतं. नारू हा जंत. बहुतेकदा पायावर फोड येतो, तिथं जाळ उठतो, आणि माणूस थंडाव्यासाठी पाय पाण्यात घालतो. "मव्हा पाय पाण्यात गेल्याबिगर जिवाला चैन नव्हतं," आजी म्हणायची. पाण्यात पाय पडताच फोड फुटतो आणि आतली मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले किडे, सायक्लॉप्स, त्या अळ्या गिळतात. ते पाणी जो पितो त्याच्या अंगात वर्षभरानं पुन्हा दोन-तीन फुटांचा नारू तयार होतो. म्हणजे आजीनं पाय बुडवला त्याचं फळ पुढच्या उन्हाळ्यात तिच्या जावेला मिळायचं, आणि जावेनं बुडवला त्याचं आजीला. दोघींपैकी कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

यावर औषध नव्हतं, आजही नाही. लसही नाही. वैदू येऊन नारूचं तोंड काडीला गुंडाळत असे आणि रोज बोटभर, दोन बोटं ओढत असे. ओढताना तुटला तर पाय सुजायचा, पू व्हायचा, माणूस महिना-दोन महिने खाटेवर. आजीचा एक नारू असाच तुटला होता. "पेरणीच्या तोंडाशी अर्धं गाव लंगडायचं," हे तिचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं नारूवरचं लिखाण वाचताना शेतीच्या हंगामातच लोक कसे अडकून पडत, याचा उल्लेख आला तेव्हा नवल वाटलं नाही. आफ्रिकेतही हेच घडत होतं. 1986 साली जगात नारूचे सुमारे 35 लाख रुग्ण होते असा अंदाज आहे. 2023 साली साऱ्या जगात 14 सापडले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

मला गेली काही वर्षं एक प्रश्न सोडत नाही. हे केलं कुणी? बाहेरच्यांनी की आपण? गरीब देशांच्या आरोग्याला मिळणाऱ्या परदेशी मदतीबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, त्यांच्या पैशाशिवाय इथं काही झालंच नसतं. दुसरा म्हणतो, मदत म्हणजे नुसता मिंधेपणा, तिनं कुणाचं भलं केलं नाही. माझ्या घरातल्या माणसांनी जे पाहिलं ते या दोन्ही सुरांत बसत नाही, म्हणून ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळाची सुरुवात खरं तर सत्तरपासूनच झाली होती. तीन पावसाळे एकामागून एक हुकले. बारवेच्या तळाला चिखल उरला. आजी आणि आजोबा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. आजोबांच्या एका डोळ्यात खडीची कपरी गेली होती, तो डोळा पुढं कधी नीट झाला नाही. कामावर खायला सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि पोटात दगडासारखी बसायची, पण तिनं लेकरं जगवली, हेही आजी न विसरता सांगायची. एक गोष्ट मात्र इथंच नोंदवली पाहिजे. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. ती कामं काढली आपल्या सरकारनं, त्यांतून पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली ती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, आणि तिचा पैसा आपल्याच करदात्यांचा होता. त्या दुष्काळात महाराष्ट्र मोठ्या भूकबळींपासून वाचला याचं श्रेय आधी या कामांना आणि खडी फोडणाऱ्या हातांना. बाहेरून आलेलं धान्य त्यानंतर.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती मला सांगितली थोरल्या काकांनी. सगळं गाव त्यांना मेस्त्री म्हणतं. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर त्यांनी सगळी नोकरी काढली. आज त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओट्यावर बसून मोठ्यानं विचारायचं आणि मग ते सांगतील तेवढं ऐकत राहायचं.

त्यांची पहिली आठवण आवाजाची आहे. गावात ट्रक आला, त्याच्यामागं हवा भरणारा कॉम्प्रेसर, आणि मग जमिनीत हातोडा मारल्यासारखा धडधडाट, दिवसभर. पोरं शाळा सोडून गोळा झालेली. आधी पांढरा धुरळा उडाला, मग काळा, मग ओला चिखल, आणि संध्याकाळच्या सुमाराला पाण्याचा फवारा. "बाया ओरडल्या रे," काका सांगतात. "म्हाताऱ्या तर पायाच पडल्या त्या गाडीच्या." लोक म्हणत, जालन्याच्या मिशनवाल्यांची गाडी.

मराठवाड्याच्या पायाखाली काळा कातळ आहे. लाव्हाचे थरावर थर. वरचा मुरूम आणि मऊ खडक संपला की खालचा कातळ पहार-सुरुंगानं फोडत विहीर खोदायला वर्षं जातात, आणि दुष्काळात ती वर्षं कुणाकडे नसतात. पाणी मात्र त्या कातळाच्या भेगांमध्ये दीडशे-दोनशे फुटांवर असू शकतं. तिथवर काही तासांत पोचणारं यंत्र, हवेच्या दाबावर चालणारा हातोडा, हे विलायतेत होतं, आपल्याकडे नव्हतं. साठच्या दशकात जालन्यातलं चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन आणि नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचं अमेरिकन मराठी मिशन यांनी बाहेरच्या देणग्यांतून अशी यंत्रं आणून आपल्या भागात विंधनविहिरी घ्यायला सुरुवात केली. पुण्यात अफार्मसारखी संस्था उभी राहून अशा कामांची सांगड घालू लागली. युनिसेफनं याच काळात दुष्काळी भागांसाठी देशात यंत्रं आणली. इथवरची गोष्ट सरळ आहे. पैसा त्यांचा, यंत्र त्यांचं, पाणी आपलं.

पण गोष्ट इथं संपली असती तर तो पराभव ठरला असता. आमच्या गावातला पहिला हापसा काही महिन्यांत मोडला.

तसं सगळीकडेच झालं. ते पंप बिडाचे होते, युरोप-अमेरिकेतल्या घरांच्या परसात असतात तशा पंपांच्या नकला. तिकडं एका कुटुंबानं दिवसातून चार बादल्या भरायच्या. इथं एका हापशावर तीनशे-चारशे माणसं, पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत दांडा थांबत नाही, आणि बाईबरोबर आलेली दोन पोरं दांड्याला लोंबकळतात. बीड ते सोसणार कसं? 1974 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा असं दिसलं की चार हापशांपैकी जवळपास तीन बंद आहेत. कातळ फोडून भोक पाडलं, पाणी लागलं, उद्घाटनाला हार घातले, आणि वर्षभरात बायका परत बारवेच्या पायऱ्यांवर. मदतीचा हिशेब देणाऱ्याच्या वहीत मात्र तो हापसा "दिला" म्हणूनच राहतो. जगभर आरोग्याच्या मदतीत झालेली सर्वांत मोठी हानी या नोंदीत लपलेली असते, असं मला वाटतं.

बिडाच्या पंपांचा हा दोष पहिल्यांदा हेरला आणि त्यावर उपाय शोधला तो न्यूयॉर्कमध्ये किंवा जिनिव्हात नाही. तो जालन्याच्या कार्यशाळेत शोधला गेला. तिथं बिडाऐवजी पोलादाचा, एकाच आसावर फिरणारा दांडा असलेला पंप बनवला गेला. त्याला नावच पडलं जालना पंप. वडाळ्यानं त्यात भर घातली, तेव्हा दोन्ही गावांची नावं जोडून जलवड पंप झाला. मग सोलापूर वेल सर्व्हिसच्या माणसांनी दांड्याच्या पुढच्या टोकाला अर्धवर्तुळाकार पट्टी बसवली आणि तिच्यावरून साखळी सोडली. दांडा वरखाली होताना गोल फिरतो, पण साखळीमुळे खालची सळई मात्र सरळ रेषेत वरखाली होते. सळई घासत नाही, वाकत नाही, तुटत नाही. काका हे सांगताना हातानं दाखवतात. "ती साखळी ज्यानं लावली ना, त्याला खरं डोकं होतं."

युनिसेफच्या लोकांनी या सोलापूर पंपाकडे पाहिलं आणि ठरवलं की बाहेरून नवा पंप आणायचा नाही, हाच सुधारायचा. मद्रासमध्ये रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात तो नव्यानं आखला गेला. जमिनीवरचा भाग विंधनविहिरीच्या पाइपावर न टेकवता सिमेंटच्या ओट्यात घट्ट रोवला, म्हणजे वरचं घाण पाणी आत झिरपू नये. कोइमतूरच्या भागात तो लोकांच्या हाती देऊन पारखला. अट साधी होती: साध्या कार्यशाळेत बनला पाहिजे, स्वस्त असला पाहिजे, आणि वर्षभर दुरुस्तीविना चालला पाहिजे. सत्तरचं दशक संपता संपता त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि 1979 साली त्याला भारतीय मानक मिळालं. तोच इंडिया मार्क टू. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. ज्याला बनवायचा त्यानं बनवावा. पुढं तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला, आणि आज हातानं चालणाऱ्या पंपांत जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्यांपैकी तो आहे. जालन्यात ज्याची सुरुवात झाली ते यंत्र घानातल्या एखाद्या बाईच्या हाताखाली चालत असेल, याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि जालन्याच्या शाळांत हे शिकवलं जात नाही याचं दुःख आहे.

बाहेरून यंत्र आलं, पैसा आला, काही जिद्दी माणसंही आली. पण ती मदत फळाला आली ती ज्या दिवशी तिचा दांडा इथल्या माणसाच्या हातात आला त्या दिवशी. बनवणारा इथला, दुरुस्त करणारा इथला, सुटे भाग भोकरदनच्या बाजारात मिळणारे. काकांच्या पिशवीत दोन पान्हे, वॉशर, ग्रीसचा डबा आणि साखळीचे नट एवढंच असे. बोअरमधून पाइप वर काढायचे तर चार माणसं लागत, ती गावातलीच. "पैसे नाही मागितले कुणी," काका म्हणतात. "हापसा बंद म्हणजे घरात भांडण, म्हणून गडी आपणहून यायचे."

नारूचा निकाल लागायला याच हापशांची मोठी मदत झाली. 1983-84 मध्ये भारताचा राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सात राज्यांत नारू होता, महाराष्ट्र त्यांतलं एक. देशात सुमारे 40 हजार रुग्ण नोंदले गेले. आरोग्यसेवक घरोघर फिरून रुग्ण शोधत, फोडावर पट्टी बांधत, रुग्णाला पाण्यात उतरू नको म्हणून बजावत, बारवेत औषध टाकून सायक्लॉप्स मारत, आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या असं सांगत. आमच्या बारवेच्या पायऱ्या बंद करून वर कठडा आणि रहाट बसवला. युनिसेफनं यंत्रं, पंप, गाळणीचं कापड दिलं, जागतिक आरोग्य संघटनेनं पद्धत आणि शेवटी शिक्का दिला. पण दार वाजवणारा माणूस पगाराला महाराष्ट्र शासनाचा होता आणि बोलायला आमच्यासारखाच. आजीच्या नारूचा शेवटचा व्रण त्या कार्यक्रमाच्या कितीतरी आधीचा. तिच्या नातवंडांपैकी कुणालाही नारू झाला नाही. मी पाहिला तो फक्त तिच्या पायावरच्या खुणांत.

याच्या उलट घडलेली गोष्टही आजीच्याच तोंडची. पन्नासच्या दशकात गावात डीडीटी फवारणारे यायचे. भिंतीवर तारीख लिहून जायचे. हिवतापानं सोलून काढलेला हा मुलूख, लोकांनी त्यांचं स्वागतच केलं. अमेरिकेची मोठी मदत या मोहिमेला होती. 1965 च्या आसपास देशातले रुग्ण वर्षाला लाखभरावर आले, कुणी म्हणू लागलं हिवताप संपला. मग डास डीडीटीला सरावले, पुरवठा आटला, मोहिमेची नोकरशाही वेगळी असल्यानं गावचा दवाखाना त्या कामाला तयारच नव्हता. 1976 साली रुग्णांची नोंद 64 लाखांवर गेली. "डास मेले, पन डेकूनही मेले, म्हणून बरं वाटलं," आजी म्हणायची, "मग फवारावाले यायचे बंद झाले अन् थंडी परत आली." वरून खाली आलेलं, बाहेरून मोजून मिळणारं, आणि गावात कुणाच्याच हाती न सोपवलेलं काम पुरवठ्याबरोबर कसं ओसरतं, याचं हे उदाहरण आहे. हापशाशी ते ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो.

पुण्याजवळच्या पिंपरीचीही आठवण इथं व्हायला हवी. 1954 साली तिथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन बनवण्याची यंत्रसामग्री युनिसेफनं दिली, तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेचं. तेवढ्याच पैशाची पेनिसिलिनची खोकी देता आली असती, ती वर्षभरात संपली असती. पुढं तो कारखाना आपल्याच हयगयीनं आजारी पडला, ते वेगळं. पण पुणे परिसरात औषधं आणि लसी बनवण्याचं ज्ञान रुजलं. 2010 च्या डिसेंबरात आफ्रिकेत, बुर्किना फासोत, मेंदूज्वराची जी लस टोचायला सुरुवात झाली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली होती, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. त्या कामालाही परदेशी देणगीच होती. पण लस बनली हडपसरला.

आता हापशाच्या गोष्टीतला कडू भाग. काका तो सहसा बोलत नाहीत, मी विचारला म्हणून बोलले.

बोअर कुठं घ्यायची यावर गावात दोन दिवस वाद झाला. बारवेवर दलितांना उतरता येत नव्हतं. त्या बायका वरच्या पायरीवर घागर ठेवून, कुणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत बसत. आमच्या शहरापासून जवळच, दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात, 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हौदाच्या पाण्यावरून अपमान सोसावा लागला होता. चाळीस वर्षांनी आमच्या गावात फार काही बदललेलं नव्हतं. शेवटी पाणी जिथं लागलं ती जागा दोन वस्त्यांच्या मधोमध आली. हापशाचं पाणी झाकलेलं, कुणाची बादली आत जात नाही, म्हणून विटाळाचा प्रश्नच उरणार नाही असं मिशनच्या माणसांना वाटलं असावं. पण "आधी दांडा धुवायचे," काका मान खाली घालून म्हणाले. "मंग बादली लावायचे. लई वर्षं चाललं ते." यंत्र बदललं म्हणून माणूस बदलत नाही. त्याला वेगळं काम करावं लागतं. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून ते केलं. परदेशी देणग्यांवर सुरू झालेल्या त्या प्रकल्पानं विंधनविहिरी मुद्दाम दलित वस्तीत घ्यायला लावल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांना तिथं यावं लागे. गावातल्याच, बहुतेकदा निरक्षर आणि पुष्कळदा दलित बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केलं. त्या बाईच्या हातून सवर्ण घरची बाळंतपणं झाली तेव्हा तिथली शिवाशिव सैल होऊ लागली. 1978 च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार जगानं मान्य केला, त्याला बळ देणाऱ्या प्रयोगांत जामखेड होतं.

पाण्यानं दिलेला दुसरा धडाही कडू आहे. बांगलादेशात युनिसेफच्याच मदतीनं लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हगवणीनं मरणारी मुलं वाचली, आणि नव्वदच्या दशकात कळलं की त्यांतल्या कितीतरी कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. आपल्याकडे नांदेडच्या किनवट भागात विंधनविहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांचे दात पिवळे पडले, हाडं वाकली. पाणी झाकलेलं आहे म्हणजे ते निर्मळ आहे, असं धरून चाललं गेलं. देणारा पंप मोजतो, घेणारा बादल्या मोजतो. पाण्यात काय आहे हे तपासणारं त्या मोजणीत कुणी नव्हतं.

पुढच्या काळात मदतीची रीत थोडी शहाणी झाली. या शतकाच्या सुरुवातीला जागतिक बँकेच्या कर्जावर जलस्वराज्य प्रकल्प आला. आमच्या औरंगाबाद जिल्ह्यात, पुणे आणि नगरबरोबर, जर्मनीच्या साहाय्यानं आपलं पाणी प्रकल्प झाला. गावानं समिती करायची, खर्चाचा एक हिस्सा लोकवर्गणीतून भरायचा, योजना गावानंच चालवायची. काही गावांत त्या योजना अजून चालू आहेत, काही गावांत टाकी उभी आहे आणि वीजबिल थकलेलं आहे. फरक पुन्हा तोच. जिथं चावी फिरवणारा माणूस टिकला तिथं पाणी टिकलं.

शहराचंही सांगायला हवं. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराला झाकलेल्या नहरींतून पाणी दिलं. तोही बाहेरून, आजच्या इथिओपियातून आलेला, पण नहर इथल्या डोंगराचा उतार ओळखून इथल्या हातांनी बांधली, म्हणून ती शतकानुशतकं वाहिली. आज पैठणचा नाथसागर जलाशय इतका जवळ असून शहरातल्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. कोट्यवधींच्या योजना जाहीर होत राहतात. पैसा नसल्यामुळे नव्हे, सांभाळ नसल्यामुळे शहर तहानलेलं आहे.

परदेशी मदतीचा प्रश्नही जुना झालेला नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी थांबवली आणि त्याच वर्षी यूएसएड ही संस्था मोडीत निघाली. त्या मदतीवर चालणारी हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथली तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिकं बंद पडली. आफ्रिकेत तर एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगाच विस्कटल्या. ते काम वाईट नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात ज्यांना धड वागणूक मिळत नाही त्यांच्यासाठी ते दार होतं. पण त्या दाराची चौकट आपल्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीत कधी बसवली गेली नाही, आणि ती बसवणं हे आपलं काम होतं, देणाऱ्याचं नव्हे. मदत तुटते तेव्हा देणाऱ्याच्या निर्दयपणाबरोबर घेणाऱ्याची ढिलाईही उघडी पडते. दोन्हींबद्दल मला सारखाच राग आहे.

काकांचा हापसा अजून आहे. अडचण वेगळी झाली आहे. भोवतालच्या शेतांत सात-आठशे फूट खोल बोअर गेल्या, त्यांत वीजपंप बसले, आणि हापशाच्या दीडशे-दोनशे फुटांवरचं पाणी फेब्रुवारीतच खाली जातं. 2013 आणि 2016 च्या दुष्काळांत तो कोरडा पडला तेव्हा काकांकडे त्यावर पान्हा नव्हता. वॉशर बदलून भूजल वर येत नाही. पाऊसकाळ बरा झाला की तो पुन्हा चालतो, आणि टँकर किंवा वीज नसली की बायका आजही तिकडेच वळतात. काका निवृत्त झाल्यावर तालुक्यात त्यांच्या कामाची माणसं कमी होत गेली. तरुण पोरांना हापसा म्हणजे जुनाट वाटतो. तो जुना आहे हे खरं, पण विजेवाचून, डिझेलवाचून, कुणाच्या उपकारावाचून चालणारं पाण्याचं दुसरं साधन आमच्या गावात नाही.

म्हणून मराठवाड्यातल्या, आणि कुठल्याही दुष्काळी भागातल्या वाचकाला माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा नव्या योजनेची मागणी जरूर करा, पण आधी दोन गोष्टी विचारा. गावातल्या प्रत्येक हापशाची दुरुस्ती करणारा माणूस आज कोण आहे, आणि त्या पाण्याची फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूंसाठी तपासणी शेवटची कधी झाली? जल जीवन मिशनखाली गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याचं शिक्षण आणि पेटी देण्याची तरतूद आहे. ती पेटी तुमच्या गावात आली का, आली असेल तर कुठल्या कपाटात आहे, ते शोधून काढा आणि त्या बायकांच्या हातात द्या.